समेविना साडेचौदा मिनिटं: कोल्हापुरातल्या एका वादकाचं ‘प्साफा’

पहिल्या दिवशी त्यानं तो कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “सर, वाद्यं कुठली लिहिल्यात ह्यात?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

कागदावर उभ्या रेघांची बारीक जाळी होती. आडव्या ओळींवर काळे ठिपके आणि क्रमानं वाढत जाणारे आकडे. गटांची नावं म्हणजे ए ते एफ ही सहा अक्षरं. स्वर नाहीत, ताल नाही, ताल दाखवणाऱ्या उभ्या दांड्याही नाहीत. शाळेत भूमितीला वापरायचो त्या आलेखाच्या कागदावर कुणीतरी शाई शिंपडावी तसं ते दिसत होतं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हे मला वाचता येतंय की.”

त्या एका वाक्यावर पुढचे आठ महिने उभे राहिले. हा मुलगा तेवीस वर्षांचा. वडिलांच्या बँडमध्ये साईड ड्रम वाजवतो, लग्नसराईत एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या करतो, माझ्याकडे आठवड्यातून दोनदा शिकायला येतो. पाश्चात्त्य स्वरलिपी त्याला येत नाही. ती येत नाही म्हणून आधुनिक एकल वादनाचं सगळं साहित्य आपल्यासाठी बंद आहे, असं तो धरून चालला होता. दोष माझाही आहे, कारण मीच त्याला तसं समजू दिलं होतं. ग्रीक-फ्रेंच संगीतकार यानिस झेनाकिसची ‘प्साफा’ ही तालवाद्यांची रचना त्यानं कशी उभी केली, कुठे अडलं, काय चुकलं, हे मी इथे तपशिलानं मांडतो आहे. एका माणसानं एकट्यानं वाजवायच्या, अंगातलं सगळं कसब पणाला लावणाऱ्या आजच्या रचना आपल्याकडे कुणी वाजवायला घेतल्या, तर त्याला यातलं काही उपयोगी पडेल अशी मला आशा आहे.

कागद

‘प्साफा’ १९७५ची. फ्रेंच तालवादक सिल्व्हियो गुआल्दासाठी ती लिहिली गेली आणि त्यानंच ती १९७६ मध्ये पहिल्यांदा वाजवली. ‘प्साफा’ म्हणजे ग्रीक कवयित्री साफो, तिच्या नावाचं जुनं रूप. रचनेत सहा गट आहेत. पहिले तीन लाकडाचे किंवा कातड्याचे, पुढचे तीन धातूचे. गटाच्या आत उंच, मधला आणि खालचा असे आवाज. कोणतं लाकूड, कोणतं कातडं, कोणता धातू, हे सगळं वादकानं ठरवायचं.

जोराच्या खुणेचंही तसंच. जिथे खूण असेल तिथे ठोका मोठा वाजवायचा, किंवा आवाजाची जात एकदम बदलायची, किंवा त्याचं वजन बदलायचं, किंवा सोबत दुसरा एखादा आवाज जोडायचा, किंवा यातलं बरंच काही एकदम करायचं. म्हणजे रचनाकारानं ठोका कधी पडायचा ते काटेकोर बांधून दिलं आहे आणि तो कसा ऐकू यावा यातला मोठा वाटा आपल्या हाती सोडला आहे. एकूण २३९६ काळखंड, आमच्या भाषेत घरं. सुरुवातीचा वेग मिनिटाला १५२ किंवा त्याहून जास्त. नुसत्या १५२नं सरळ चाललं तर पावणेसोळा मिनिटं होतात. पण पुढे वेग बदलत जातो, त्यामुळे बहुतेक वादक तेरा-चौदा मिनिटांत पोचतात.

आलेखाचा कागद झेनाकिसच्या हाताला सवयीचा होता. तो मुळात स्थापत्य अभियंता, अथेन्समध्ये शिकलेला. तिथल्या रस्त्यांवरच्या लढाईत १९४५च्या सुरुवातीला तोफगोळ्याचा तुकडा लागून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू फाटली आणि एक डोळा गेला. १९४७ मध्ये तो पॅरिसला पळून आला आणि पुढची बारा वर्षं वास्तुविशारद ल कोर्बुझिएच्या कार्यालयात त्यानं इमारतींची गणितं केली. ब्रसेल्सच्या १९५८च्या प्रदर्शनातला फिलिप्स कंपनीचा वळणदार मंडप त्याच्याच हातचा. संगीत शिकायला तो फ्रेंच संगीतकार मेसियाँकडे गेला, तेव्हा मेसियाँनं त्याला पाठ्यपुस्तकी शिक्षणाच्या मागे न लागता जवळ आहे ते गणित संगीतात आणायला सांगितलं. इथे थोडं बाजूला जातो, कारण मला ही गोष्ट फार जवळची वाटते. हाच मेसियाँ आपल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या १२० देशी तालांच्या यादीवर जन्मभर पोसला गेला. रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश ही तालांची नावं त्याच्या रचनांत येतात. शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला होता, आणि याच सिंघणानं कोल्हापूरच्या शिलाहार भोजाचा पाडाव करून पन्हाळा घेतला. पॅरिसच्या त्या वर्गात मराठी मुलखातून गेलेली एक जुनी यादी फळ्यावर होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

‘प्साफा’च्या आधी मी त्याला मॉर्टन फेल्डमनचं ‘किंग ऑफ डेन्मार्क’ दिलं होतं. ते १९६४चं, तेही चौकटींच्या कागदावर. त्यात काडी हातात घ्यायचीच नाही. बोटं, तळहात, कोपरापर्यंतचा हात, आणि आवाज कानाशी कुजबुजावा इतका हलका. तबला शिकलेल्याला ते पटकन जवळचं वाटतं. त्यानं ते तीन आठवड्यांत वाजवलं आणि मग सरळ म्हणाला, “सर, चांगलं आहे, पण ह्यात माझा हात कुठाय?” बँडमध्ये वाढलेल्या हाताला काडी लागते, जोर लागतो. तेव्हा मी ‘प्साफा’ काढलं.

पहिली मांडणी

जून लागला होता. सुपाऱ्या संपल्या होत्या. पंधरा दिवसांत त्यानं घरातून, चाळीतून, नातेवाइकांकडून वाद्यं गोळा केली: दोन हलग्या, ताशा, संबळ, दिमडी, ढोल, बँडचा बास ड्रम, टाळ, झांज, देवळातली एक जुनी घंटा आणि उसाच्या घाण्यावरचे घुंगरू. मी खूश झालो. अख्खं कोल्हापूर एका माणसाच्या हाताखाली आलं होतं. खासबागेत कुस्तीला हलगी, जोतिबाच्या सासनकाठीपुढे ढोल, गोंधळाला संबळ. मला ते सगळं फार शोभून दिसेल असं वाटलं.

पहिली दीडशे घरं बसवून त्यानं वाजवली, मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं, आणि आम्ही दोघांनी ऐकलं. काहीच कळत नव्हतं. ठोके बरोबर होते, पण ए गट कुठे संपतो आणि बी कुठे सुरू होतो ते ऐकू येत नव्हतं. ‘प्साफा’त गटांचे धागे एकमेकांत गुंततात. एक धागा चालू असताना दुसरा त्याच्यावर येतो, तिसरा दोघांना कापून जातो. ते धागे वेगळे ऐकू आलेच नाहीत तर नुसता गलका उरतो.

त्यांच्या घरी त्याचे वडील बसले होते. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चाळीस वर्षं क्लॅरिनेट फुंकलेला माणूस. मी त्यांना म्हटलं, “आप्पा, पाठ करून बसा, आणि काय ऐकू येतंय ते सांगत चला.” ते बसले. पोरानं वाजवायला घेतलं आणि आप्पा सांगू लागले, “ह्यो ताशा. गणपती हालला. ही हलगी, पैलवान आला. आता संबळ, गोंधळी उठला. ही घंटा, आरती.”

माझी चूक तिथे उघडी पडली. मी वाद्यं निवडली नव्हती, प्रसंग निवडले होते. प्रत्येक वाद्य आपलं काम बरोबर घेऊन आलं होतं आणि ऐकणाऱ्याला त्या कामापलीकडे जाऊ देत नव्हतं. रचनेला हवा होता उंच आवाज, मधला आवाज, खालचा आवाज, आणि एकाच घरातली तीन भावंडं वाटावीत असं त्यांचं नातं. ताशा आणि दिमडी भावंडं नाहीत.

संबळाचा प्रश्न आणखी वेगळा होता. ज्या गोंधळ्यानं ते दिलं त्यानं हरकत घेतली नव्हती. फक्त वाजवायच्या आधी हात जोड, एवढंच तो म्हणाला होता. पोरगा रोज हात जोडायचा. पण जोराच्या खुणेवर जाड काडी घालायची वेळ आली की त्याचा हात आपोआप हलका पडायचा. “सर, ह्याच्यावर जड हात हुईना,” तो म्हणाला. ज्या वाद्यावर हात पूर्ण पडत नाही ते या रचनेत नको. संबळ मानानं परत गेलं. घंटा तर दुसऱ्याच दिवशी देवळात परत दिली.

हलगीवर मात्र आमचं बरंच बोलणं झालं. तिला ठेवायची की नाही? आपल्या गावगाड्यात हलगी वाजवणं हे एका समाजावर लादलेलं काम होतं. त्याच्या आजोबांनी ते केलं होतं, आणि मान मिळाला नाही म्हणून पुढच्या पिढीनं बँड काढला होता. ती हलगी लोकरंगाची झालर म्हणून रंगमंचावर मांडायची आणि टाळ्या घ्यायच्या, हे मला मान्य नव्हतं. तो म्हणाला, “सर, झालर म्हणून नको. आवाज म्हणून घ्या. तिच्याएवढा कोरडा ठोका दुसऱ्या कशात हाय?” त्याचं म्हणणं बरोबर होतं. हलगीचा आवाज टिपून घेतल्यासारखा पडतो आणि लगेच थांबतो. या वेगाला तेच हवं असतं. हलगी राहिली.

पावसानं आणखी एक निर्णय घ्यायला लावला. कोल्हापूरच्या जुलैत कातडं तासाभरात उतरतं. हलगी शेकायला पेटलेला कागद किंवा गवत लागतं, आणि चौदा-पंधरा मिनिटांच्या रचनेत मध्येच थांबून शेकता येत नाही. विजेच्या शेगडीवर करून बघितलं. पहिल्या पाचशे घरांपर्यंत ताण टिकतो, मग हलग्या वेगवेगळ्या दिशांना जातात. शेवटी फायबरच्या पानाची, नटबोल्टनं ताणायची हलगी घेतली. जुन्या वादकांना ती आवडत नाही, मलाही कानाला ती जराशी कोरी वाटते. पण तीन वेगवेगळ्या व्यासांच्या हलग्या तीन ठरलेल्या उंचींना लावून ठेवल्या, तर त्या शेवटपर्यंत भावंडंच राहतात. बी गट असा बसला. ए गटाला खैर, शिसव आणि सागवान यांचे तीन ठोकळे सुताराकडून मापून कापून घेतले. सी गटाला बँडचे दोन ड्रम आणि ढोल. सी गटाचा खालचा आवाज पायाच्या पेडलवर घेतला, कारण पुढे पुढे दोन हातांना पुरणार नाही एवढे धागे एकाच वेळी चालतात.

उद्यमनगर

धातूवर आम्ही सगळ्यात जास्त अडलो, आणि तिथूनच सगळ्यात जास्त मिळालं.

झांज आणि टाळ यांची आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, लांब असते. देवळातल्या घंटेची आस मी घड्याळ लावून मोजली होती. सहा सेकंद स्पष्ट ऐकू येत होती. १५२च्या वेगात सेकंदाला अडीच घरं जातात. म्हणजे एका ठोक्याची आस पुढच्या पंधरा घरांवर पसरते, आणि त्या पंधरा घरांत काय काय घडतं ते सगळं तिच्याखाली बुडतं. धातू हवा, पण लगेच गप्प बसणारा हवा.

त्याचा एक मामा शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहे. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीचं गाव, गाड्यांचे सुटे भाग इथे ओततात. आम्ही दोघं काड्या घेऊन तिथे गेलो. भंगाराच्या ढिगावर वाजवत फिरणारी दोन माणसं बघून एक जुना कामगार जवळ आला. काय पाहिजे ते त्यानं नीट ऐकून घेतलं. मग एक ब्रेक ड्रम उचलून टकटक केलं आणि म्हणाला, “हे सीआय. बसका वाजणार. खणखणीत पाहिजे तर एसजी घ्या.”

त्याला जे कानानं माहीत होतं त्यामागे साधं कारण आहे. साध्या बिडात, म्हणजे सीआयमध्ये, कार्बन पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. ते पापुद्रे कंप खाऊन टाकतात, म्हणून आवाज लवकर मरतो. म्हणूनच ब्रेक ड्रमला हे बीड चालतं. एसजी आयर्नमध्ये तोच कार्बन बारीक गोळ्यांच्या रूपात असतो, त्यामुळे धातू पोलादासारखा घुमतो. ओतलेला भाग नीट एसजी झाला आहे की नाही हे फौंड्रीत ठोकून, आवाजावरून ओळखतात. म्हणजे आमच्या गावात एक अख्खा उद्योग रोज धातूची आस तपासत बसलेला आहे आणि मला वीस वर्षांत ते ठाऊक नव्हतं.

तीन आकारांचे तीन ब्रेक ड्रम डी गटाला. ई गटाला एकच आवाज ठेवला: हाताच्या पंजाएवढी एसजीची प्लेट, दोरीवर टांगलेली, सगळ्यांना भेदून जाणारी. एफ गटाला तीन जाड पोलादी पट्ट्या, खाली रबर घालून. मामानं त्या लेथवर कमी-जास्त करून दिल्या. आम्ही वाजवायचो, तो परत मशीनवर लावायचा. ब्रेक ड्रम संगीतात येणं नवीन नाही. जॉन केजनं १९३९ मध्येच ते आपल्या तालवाद्यांच्या रचनेत घेतले होते. पण इथे ते आमच्या गावाच्या भट्टीतून आले होते, आणि आप्पांना पाठ करून बसवल्यावर त्यांच्या तोंडून पहिल्यांदा प्रसंगाचं नाव आलं नाही. ते म्हणाले, “हे तिघं एक. ते तिघं एक. आणि ते एकटं.”

एक नुकसान मात्र झालं. कातडं काडीला परत फेकतं, बीड फेकत नाही. बँडच्या हाताला त्या परतीच्या उसळीची सवय असते. त्यानं ब्रेक ड्रमवर पूर्ण वेगानं, पूर्ण जोरानं रोज तीन-चार तास घासलं, आणि ऑगस्टच्या मध्यात उजवं मनगट सुजलं. मी थांबवायला हवं होतं. पुढे गणपतीच्या सुपाऱ्या होत्या आणि त्या त्याच्या घराच्या पोटापाण्याच्या होत्या. तीन आठवडे ‘प्साफा’ पूर्ण बंद ठेवलं. परत सुरू केलं तेव्हा धातूसाठी वजनदार डोक्याची वेगळी काडी घेतली. मनगटानं मारायचं नाही, हात वरून सोडून द्यायचा. आवाज तेवढाच निघतो.

सम नसलेला हात

आता खरं अवघड काय होतं ते सांगतो. वेग नव्हे. वेग त्याच्या हातात होता.

त्यानं ठिपके वाचले, मोजले, बरोबर घरात ठोका टाकला, तरी ऐकताना सगळं केहरव्यासारखं वाटायचं. मी ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं. दर आठव्या घराशी त्याचा हात नकळत किंचित जड होत होता. कागदावर तिथे जोराची खूण नव्हती. आठ मात्रांचा पिंजरा त्यानं स्वतःबरोबर आणला होता. आपण कुणीही आणलाच असता.

मी आधी चुकीचा उपाय केला. ठिपक्यांना बोल दिले. ए गटाला ‘ति’, बी गटाला ‘ना’, सी गटाला ‘गे’ असं करून पाठ करायला लावलं. पाठांतर झकास झालं आणि पिंजरा आणखी घट्ट झाला. कारण बोल आले की वाक्य येतं, वाक्य आलं की ते कुठेतरी उतरायला बघतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची ओढ बोलांच्या अंगातच असते. आप्पांनी हेच त्यांच्या भाषेत विचारलं होतं: “अरं, सम न्हाई तर थांबायचं कुठं?”

मग झेनाकिसच्या चाळणीकडे गेलो. त्याची पद्धत अशी: अंकांची रांग घ्यायची आणि चाळायची. समजा, तीनच्या पटीतले आणि पाचच्या पटीतले अंक ठेवायचे: ०, ३, ५, ६, ९, १०, १२, १५. (हे आकडे माझ्या सरावाचे आहेत, ‘प्साफा’तल्या चाळण्या याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत.) टाळ्या वाजवल्या तर ते वेडंवाकडं वाटतं, पण त्यात एकही ठोका मनाला येईल तसा पडलेला नाही. पंधरावर तीच रांग पुन्हा सुरू होते, तरी ती सम वाटत नाही. एक आठवडा तो चालताना, गाडीवर, जेवताना हेच मोजत होता. त्याची आई वैतागली होती.

यानं पिंजरा सैल झाला, पण वाजवणं कोरडं पडलं. आता ते मोजलेलं वाटायचं, बोललेलं नाही. वाट मला शाळेच्या मराठी व्याकरणात सापडली. साफोची ओळ अकरा अक्षरांची: गुरू, लघु, गुरू, मग कोणतंही एक, आणि पुढे गुरू, लघु, लघु, गुरू, लघु, गुरू, गुरू. मी ती वहीत लिहून बघत होतो आणि शेपूट ओळखीचं वाटलं. आपलं इंद्रवज्रा. त त ज ग ग. तेही अकरा अक्षरांचं. गुरू गुरू लघु, गुरू गुरू लघु, लघु गुरू लघु, गुरू गुरू. पाचव्या अक्षरापासून शेवटपर्यंत दोन्ही ओळी तंतोतंत एक आहेत. सुरुवातीची चार अक्षरं तेवढी वेगळी.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा तो हसला. ‘यमाताराजभानसलगं’ त्याला अजून पाठ होतं. लघुला एक घर, गुरूला दोन घरं, असं धरून आम्ही आधी भुजंगप्रयात हातावर घेतलं. ‘मनाचे श्लोक’ ज्याच्या कानात आहेत त्याला ते शिकवावं लागत नाही. लघु गुरू गुरू म्हणजे पाच घरं, चार वेळा. पाचाची चाल आठाच्या पिंजऱ्याला आपोआप कापते. मग इंद्रवज्रा, मग साफोची ओळ. ‘प्साफा’ म्हणजे इंद्रवज्रा आहे असं मी म्हणत नाही, ठिपक्यांत वृत्त शोधत बसायचंही नाही. पण वृत्त म्हणताना आपण सम शोधत नाही. लांब आणि आखूड यांचं एकमेकांशी असलेलं नातं तेवढं ऐकतो, आणि ओळ चालत राहते. त्याला ते ऐकणं हवं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस एका संध्याकाळी त्यानं पहिली सातशे घरं वाजवली आणि मला कुठेच आठ ऐकू आले नाहीत. मी त्याला पुन्हा वाजवायला सांगितलं. खात्री करायला नव्हे, मला परत ऐकायचं होतं.

एकल वादनाच्या आधुनिक रचना अवघड म्हणून ओळखल्या जातात त्या बहुधा बोटांच्या कसरतीमुळे. ती कसरत असतेच. कोडायच्या १९१५च्या चेलो सोनाटात खालच्या दोन तारा अर्ध्या स्वरानं उतरवून एका चेलोतून अख्खा वाद्यमेळ काढावा लागतो. केजच्या व्हायोलिनसाठीच्या ‘फ्रीमन एट्युड्स’ इतक्या दाट होत्या की ज्याच्यासाठी लिहिल्या त्यालाच उरलेल्या वाजवणं अशक्य वाटलं, आणि काही वर्षांनी अर्व्हिन अर्दित्तीनं पहिल्या भागाचा वेग दाखवल्यावर केजनं त्या पूर्ण केल्या. पण माझ्या अनुभवात त्याहून अवघड असतं ते वर्षानुवर्षं कमावलेली एक चांगली सवय ठरावीक वेळापुरती बाजूला ठेवणं आणि नंतर ती शाबूत परत मिळणं. बेरिओची शेवटच्या काळातली चेलोची ‘सेक्वेन्झा’ २००२ची. ती ज्याच्यासाठी लिहिली तो रोहन डी सराम श्रीलंकेच्या घराण्यातला, कँडीचा ढोल शिकलेला. त्या रचनेत चेलोच्या अंगावर हातानं त्या ढोलाचे ठोके वाजवायचे असतात. तिथे वादकाची जुनी सवय रचनेत घेतली गेली. आमच्याकडे उलटं झालं, आणि दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

फेब्रुवारी

एका सभागृहानं आवाजाचं कारण सांगून नकार दिला. दुसरं छोटं मिळालं. साठेक माणसं आली: बँडवाले, माझे तबल्याचे विद्यार्थी, उद्यमनगरातले चौघं, आणि जुन्या मैफलींना जाणारे काही ज्येष्ठ.

या ज्येष्ठांचीच मला धास्ती होती. कोल्हापूरचा कान तयार आहे. १८८३ पासूनची देवल क्लब ही संगीतसंस्था इथली. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गायले, आणि त्यांच्या गायकीनं या गावाला लयीच्या आडवाटांनी समेवर येण्याची चटक लावली. या माणसांची दाद समेवर जाते. जिथे समच नाही तिथे ती कुठे जाणार?

रचनेच्या मध्यावर ठोके विरळ होत जातात. एक ठोका, मग लांब शांतता, पुन्हा एक. मोजणी आतल्या आत चालूच असते. पहिल्या लांब शांततेत मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. संपलं असं त्यांना वाटलं. मी त्याच्याकडे बघत होतो. हात हवेत होते, ओठ किंचित हलत होते, घरं मोजली जात होती. त्यानं मान वळवली नाही. टाळ्या चालू असतानाच पुढचा ठोका ठरल्या घरात पडला आणि सभागृह गप्प झालं. त्यानंतरच्या शांतता खऱ्या शांतता होत्या. बाहेर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला तोही त्यांत स्वच्छ ऐकू आला.

चुका झाल्या. सतराशेच्या पुढे एका ठिकाणी त्याची ओळ सुटली आणि तो अंदाजे वीस घरं पुढे निघून गेला. शेवटच्या दाट भागात पेडलचा ठोका हातांच्या मागे पडत होता. सागवानी ठोकळा हलगीच्या पुढे दुबळा पडला, तो बदलायला हवा. एकूण वेळ साडेचौदा मिनिटं. मधला भाग अजून जलद हवा, हे त्यालाही माहीत आहे.

ज्येष्ठांपैकी एकजण नंतर माझ्याजवळ आले. “कळलं असं म्हणणार नाही,” ते म्हणाले, “पण ती हलगी मी पहिल्यांदा ऐकली.” आप्पा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पोराचं मनगट हातात घेऊन दाबून बघितलं आणि सामान आवरायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगली रोडला लग्नाची सुपारी होती.

उद्यमनगरचा तो जुना कामगार मात्र दोरीवरच्या एसजीच्या प्लेटजवळ उभा होता. नखानं टकटक करत होता, कान लावत होता. “मधनंच आवाज बदलला, ध्यानात आलं का?” त्यानं विचारलं. आमच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं प्लेट उजेडाला धरली आणि कडेला बोटाएवढी चीर दाखवली. शेवटच्या भागात कधीतरी गेली असावी. नवी प्लेट या आठवड्यात ओतून मिळेल, यावेळी दोन सांगितल्या आहेत.